संशोधनाचा खर्च कोणी केला, तेही छापावे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत हृदयविकार आणि पक्षाघात यांवरील नव्या उपचारांच्या बातम्या नेमाने येतात आणि मीही त्या नेमाने वाचतो. तीस वर्षे औषधशास्त्र शिकवल्यावर ही खोड सुटत नाही. मध्यंतरी अशाच एका बातमीत, नव्या गोळीमुळे झटक्याचा धोका ‘जवळपास निम्म्यावर’ येतो, असे ठळक टायपात छापले होते. हा धोका मुळात किती होता, गोळीची तुलना कशाशी केली होती आणि अभ्यासाचा खर्च कोणी उचलला होता, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख बातमीत नव्हता. मूळ शोधनिबंध काढून वाचला, तेव्हा तिन्ही गोष्टी त्यात व्यवस्थित नोंदवलेल्या आढळल्या. म्हणजे संशोधकांनी लपवले काही नव्हते, आपल्याकडे ते गाळले गेले. त्यानिमित्ताने हे पत्र.

‘निम्म्यावर’ हा शब्द कसा तयार होतो, ते एका जुन्या आणि गाजलेल्या उदाहरणावरून सांगतो. २००८ मध्ये ज्युपिटर नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नाही, पण शरीरातील दाह दाखवणारे एक प्रथिन रक्तात वाढलेले आहे, अशा १७,८०२ व्यक्तींना रोझुव्हास्टॅटिन ही स्टॅटिन वर्गातली, कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी किंवा तिच्यासारखीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्या ८,९०१ जणांपैकी १४२ जणांना, तर न घेणाऱ्या तितक्याच लोकांपैकी २५१ जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम दुखणे झाले. धोका ४४ टक्क्यांनी घटला, हे खरेच. पण शंभर माणसांत मोजले, तर सुमारे दोन वर्षांत असे दुखणे होणाऱ्यांचे प्रमाण २.८ वरून १.६ वर आले, हेही तितकेच खरे. दोन्ही आकडे एकाच कोष्टकातून निघतात, मथळ्यात मात्र नेहमी पहिलाच जातो. अभ्यास ठरल्या मुदतीआधी थांबवण्यात आला होता, त्याचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीने केला होता आणि ज्या प्रथिनाच्या चाचणीवर तो आधारलेला होता, तिच्याशी संबंधित पेटंटवर मुख्य संशोधकाचे नाव होते. हे सगळे निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलेले होते.

यातली गंमत अशी की ते मुख्य संशोधक, डॉ. पॉल रिडकर, यांनीच दोन वर्षे आधी या विषयावर एक फार उपयोगी मोजणी केली होती. २००० ते २००५ या काळात तीन मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत आलेले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांवरील अभ्यास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तपासले. केवळ ना-नफा संस्थांच्या पैशावर झालेल्या अभ्यासांपैकी ४९ टक्के नव्या उपचाराच्या बाजूने लागले होते. केवळ कंपन्यांच्या पैशावर झालेल्यांत हे प्रमाण ६७ टक्के होते, आणि स्टेंटसारख्या (अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीसारख्या) उपकरणांपुरते पाहिले तर ८२ टक्के.

या आकड्यांवरून कंपन्या खोटी आकडेवारी रचतात, असा अर्थ कोणी काढील तर तो सपशेल चुकेल. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या समीक्षेने वैद्यकाच्या सगळ्या शाखांतील पुरावा एकत्र केला, तेव्हाही कंपन्यांचे अभ्यास कंपनीच्या बाजूने अधिक वेळा लागतात, हेच दिसले. मात्र अभ्यासाच्या गुणवत्तेचे रूढ निकष लावले तर ते इतरांपेक्षा कमअस्सल ठरत नव्हते. कोणाला औषध मिळाले हे रुग्णापासून आणि डॉक्टरपासून लपवून ठेवण्याच्या बाबतीत तर ते काकणभर सरसच होते. मग झुकाव शिरतो कोठून? माझ्या मते तो शिरतो पहिला रुग्ण दाखल होण्याच्या आधी, म्हणजे प्रश्न ठरतो तेव्हा. नव्या औषधाची गाठ कोणाशी घालायची, काय मोजायचे, किती दिवस मोजायचे, आणि निकाल मनाजोगता लागला नाही तर तो केव्हा सांगायचा, हे सारे खर्च करणारा ठरवतो. परीक्षा प्रामाणिकपणे झाली तरी प्रश्नपत्रिका काढण्याचा अधिकार परीक्षार्थीकडेच असतो, असा हा प्रकार आहे.

रक्तदाबाचेच पाहा. लघवी वाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारी क्लोरथॅलिडोन ही जुनी, स्वस्त गोळी नव्या महागड्या गोळ्यांच्या तोडीची आहे का, हा प्रश्न लाखो रुग्णांच्या कामाचा होता, पण कोणत्याही कंपनीच्या कामाचा नव्हता. जुन्या गोळीचे पेटंट संपलेले आणि नव्या गोळीच्या मालकाला हरण्याची हौस नाही. शेवटी तो प्रश्न मुख्यतः अमेरिकी सरकारच्या पैशातून ऑलहॅट या अभ्यासाने विचारला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात ३३,३५७ रुग्ण होते. हृदयविकाराच्या मृत्यूंच्या आणि झटक्यांच्या बाबतीत जुनी गोळी अॅम्लोडिपिन व लिसिनोप्रिल या नव्या गोळ्यांच्या बरोबरीची ठरली आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण अॅम्लोडिपिनपेक्षा तिच्याच गटात कमी निघाले. डॉक्साझोसिन हे चौथे औषध तर त्याआधीच, २००० मध्ये, अभ्यासातून काढावे लागले होते, कारण ते घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण दुपटीच्या घरात गेले होते. तोवर हे औषध वर्षानुवर्षे लिहून दिले जात होते, आणि रक्तदाब तर तेही उतरवतच होते.

रक्तदाब उतरला म्हणजे रुग्ण वाचला, ठोका सुधारला म्हणजे हृदय सुधारले, ही आमच्या शास्त्रातील सर्वांत मोहक चूक. ऐंशीच्या दशकात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना मधूनमधून चुकणारे ठोके आवरण्यासाठी एन्काइनाइड आणि फ्लेकाइनाइड ही औषधे दिली जात. इसीजीच्या पट्टीवर ती नामी काम करत. वेडेवाकडे ठोके नाहीसे होऊन पट्टी सरळ वळणावर येई आणि डॉक्टर व रुग्ण दोघेही निश्चिंत होत. पुन्हा सरकारी पैशावरच, कास्ट नावाच्या अभ्यासात, प्रश्न थोडा पुढे नेला गेला: ठोके सुधारले, पण माणसे जगली का? अंतिम हिशोब १९९१ मध्ये आला. १,४९८ रुग्णांपैकी औषध घेणारे ६३ आणि न घेणारे २६ दगावले होते. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे होते.

याला एक कडवट पुरवणी आहे. १९८० मध्ये याच वर्गातील लॉरकाइनाइड या औषधाचा एक छोटा अभ्यास झाला होता. शंभराहून थोडे कमी रुग्ण, औषधाच्या गटात नऊ मृत्यू, दुसऱ्या गटात एक. संशोधकांना तो योगायोग वाटला, व्यापारी कारणांनी त्या औषधाचे काम थांबले आणि निष्कर्ष बासनात गेले. ते प्रसिद्ध झाले १९९३ मध्ये, तेही लेखकांनी स्वतःहून, हे आधी छापले असते तर वेळीच इशारा मिळाला असता, अशी कबुली देऊन. येथे कोणी खोटे बोलले नव्हते. ज्याचा बाजारात उपयोग नाही असा निकाल छापण्याची निकड कोणालाच वाटली नाही, एवढेच.

न सांगण्याचे याहून गंभीर प्रकारही आहेत. व्हायॉक्स हे सांधेदुखीचे औषध या पत्राच्या विषयात येते ते हृदयावरील परिणामामुळे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिगर अभ्यासात त्याची तुलना नॅप्रॉक्सेन या जुन्या वेदनाशामकाशी केली होती, आणि व्हायॉक्सच्या गटात हृदयविकाराचे झटके स्पष्टपणे अधिक होते. त्यावर, व्हायॉक्सने हृदयाला अपाय केला नाही, नॅप्रॉक्सेननेच हृदयाचे रक्षण केले असावे, असा खुलासा मांडण्यात आला. युक्तिवाद म्हणून तो ऐकण्याजोगा होता, पण पुरावा म्हणून त्याला बळ नव्हते. ३० सप्टेंबर २००४ रोजी मर्क कंपनीने औषध बाजारातून मागे घेतले. पुढच्या वर्षी, डिसेंबरात, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या संपादकांनी जाहीर केले की औषधाच्या गटातील आणखी तीन झटके त्या निबंधात नोंदवलेलेच नव्हते आणि किमान दोन लेखकांना ते प्रकाशनापूर्वी ठाऊक होते.

पक्षाघाताच्या क्षेत्राची कथा थोडी वेगळी, कारण तेथे उपचारच मुळात थोडे होते आणि आशेला भाव फार. मेंदूतील गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेसला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, ती सरकारी पैशातून झालेल्या ६२४ रुग्णांच्या अभ्यासावर. २००० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्याची शिफारस सर्वोच्च श्रेणीत नेली. औषध बनवणाऱ्या जेनेनटेक कंपनीने त्याआधीच्या दशकात या संस्थेला एक कोटी डॉलरहून अधिक देणग्या दिल्या होत्या, हे ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००२ मध्ये छापले. औषध ‘प्राण वाचवते’ हा शब्दप्रयोगही संस्थेला मागे घ्यावा लागला, कारण पुरावा अपंगत्व कमी होण्याचा होता, मृत्यू टळण्याचा नव्हता. हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही तेच करीन ज्याची तक्रार करतो आहे. २०१४ मध्ये ६,७५६ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा पहिल्या तीन तासांत औषध मिळालेल्या शंभरातील सुमारे ३३ जण फारसे अपंगत्व न राहता सावरले, न मिळालेल्यांपैकी २३. मेंदूत जीवघेणा रक्तस्राव होण्याचे प्रमाण सगळ्या रुग्णांत मिळून २.७ टक्के होते, औषधाविना ०.४ टक्के. उपचार कामाचा आहे, वेळेत द्यायलाच हवा आणि देणगीमुळे तो वाईट ठरत नाही. मात्र शिफारस करणाऱ्याने आधी देणगी घेतलेली असली की खऱ्या शिफारशीवरही संशयाचा डाग पडतो, आणि त्याचे नुकसान रुग्णाला सोसावे लागते.

मेंदूतील रक्तवाहिनीत बसवायच्या विंगस्पॅन स्टेंटला अमेरिकेत २००५ मध्ये मर्यादित वापराची परवानगी मिळाली, ती ४५ रुग्णांच्या आणि तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासाच्या आधारावर. सहा वर्षांनी सरकारी खर्चाने झालेल्या सॅम्प्रिस अभ्यासात ४५१ रुग्णांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली. तीस दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचे प्रमाण स्टेंट बसवलेल्यांत १४.७ टक्के निघाले आणि केवळ औषधे घेणाऱ्यांत ५.८ टक्के. नव्या रुग्णांची भरती तेथेच थांबवावी लागली.

स्टेंटचा विषय निघाला म्हणून घरचे सांगतो. माझ्या थोरल्या भावाला जिना चढताना छातीत भरून येई, बसले की थांबे. तपासणीत डॉक्टरांनी पडद्यावर त्याची रक्तवाहिनी दाखवली. काळ्या जाड रेघेला एका जागी चिमटा काढल्यासारखी बारीक झालेली. स्टेंट बसल्यावर पुन्हा दाखवली, तेव्हा रेघ सुबक आणि सरळ झाली होती. दादा ते चित्र मोबाइलवर घेऊन सगळ्यांना दाखवत असे. ‘आता झटका येण्याची भीती गेली’ हे त्याचे वाक्य. डॉक्टरांनी असे कधीच म्हटले नव्हते, ते चित्र म्हणत होते. आणि चित्रापुढे मी सांगितलेला करेज अभ्यास टिकला नाही. २००७ मधील त्या अभ्यासात, त्रास स्थिर असलेल्या २,२८७ रुग्णांत, चांगल्या औषधोपचारात अँजिओप्लास्टीची (अरुंद रक्तवाहिनी रुंद करून बहुधा स्टेंट बसवण्याची) भर घातल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नव्हते. २०१७ च्या ऑर्बिटा अभ्यासाने त्याही पुढे जाऊन लुटुपुटूची शस्त्रक्रिया केली. दोनशे रुग्णांना गुंगीचे औषध देऊन, कानांवर हेडफोन चढवून, संगीत लावून टेबलावर निजवले. निम्म्यांना स्टेंट बसवला, निम्म्यांना नाही, आणि कोणाचे काय झाले हे रुग्णाला वा नंतर तपासणाऱ्याला कळू दिले नाही. सहा आठवड्यांनी चालण्याच्या पट्ट्यावर किती वेळ चालता येते, यात दोन्ही गटांत जेमतेम साडेसोळा सेकंदांचा फरक पडला, तोही योगायोगापलीकडचा म्हणता येईल असा नव्हता. २०२३ मध्ये त्याच गटाने, छातीदुखीवरची औषधे थांबवून, ३०१ रुग्णांवर पुन्हा प्रयोग केला, तेव्हा स्टेंटने छातीतील कळ खरोखर कमी होते, असे दिसले. म्हणजे दादाला जिना चढताना बरे वाटले ते खोटे नव्हते. त्याने त्यातून घेतलेला अर्थ तेवढा पुराव्याच्या पुढे गेलेला होता. (झटका चालू असताना केलेल्या अँजिओप्लास्टीला यातले काहीच लागू नाही. तेथे तिने जीव वाचतात आणि मिनिटामिनिटाला महत्त्व असते.)

कंपन्यांच्या पैशावरही उत्तम शास्त्र उभे राहते, याचा दाखला १९९४ चा फोर-एस अभ्यास. मर्कच्या खर्चाने ४,४४४ हृदयरुग्णांना पाच वर्षांहून अधिक काळ सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच गोळी, दिले गेले. प्लासिबोच्या गटात २५६, औषधाच्या गटात १८२ मृत्यू. मृत्यूच मोजल्यामुळे वादाला जागा फारशी उरली नाही. त्याच्या सहा वर्षे आधीचा आयसिस-२ अभ्यास तर मला विशेष प्रिय आहे. १७,१८७ रुग्णांवर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले की हृदयविकाराच्या झटक्यानंतर साध्या अॅस्पिरिनच्या गोळीने पहिल्या पाच आठवड्यांतील मृत्यू जवळपास एक चतुर्थांशाने घटतात. निष्कर्षांचे वयानुसार, लिंगानुसार बारीक तुकडे पाडून दाखवा, असा आग्रह झाल्यावर त्यांनी राशींनुसारही तुकडे पाडले, आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना अॅस्पिरिन किंचित बाधते, असे गंभीर चेहऱ्याने छापले. आकड्यांची हवी तशी वाटणी केली की त्यातून हवे ते निघते, हे सांगण्याची याहून खुमासदार रीत मला ठाऊक नाही. माझे विद्यार्थी बाकीचा तास विसरत, हे विसरत नसत.

काही सुधारणा झाल्या आहेत. अभ्यास सुरू होण्यापूर्वीच काय मोजणार ते जाहीर नोंदवहीत लिहावे, नाहीतर आम्ही छापणार नाही, असा नियम प्रमुख नियतकालिकांनी २००५ पासून लागू केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने पैसा पुरवलेल्या मोठ्या अभ्यासांचा हिशोब २०१५ मध्ये मांडला गेला. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ अभ्यासांत उपचाराचा स्पष्ट फायदा दिसला होता, त्यानंतरच्या २५ पैकी केवळ दोघांत. फरकाचे मोठे कारण पूर्वनोंदणी असावे, असे लेखकांचे मत आहे. कंपनीचा सहभाग होता की नव्हता, याने त्या यादीत फरक पडलेला दिसला नाही, ही गोष्ट माझ्या मताला सोयीची नसली तरी नोंदवतो. संशोधकाची स्वतःच्या कल्पनेवरची माया हीसुद्धा एक गुंतवणूकच असते.

मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या समित्यांचे चित्र अद्याप समाधानकारक नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील कोलेस्टेरॉलविषयक समितीने लक्ष्य आणखी खाली आणले, तेव्हा नऊपैकी आठ सदस्यांचे स्टॅटिन बनवणाऱ्या कंपन्यांशी संबंध होते आणि मूळ प्रकाशनात ते सांगितले नव्हते. आता ते सांगितले जातात. पण हितसंबंध जाहीर केले म्हणजे ते नाहीसे झाले, असे समजण्याची जी रीत पडली आहे, ती मला पटत नाही. वादीचे जेवण जेवलेल्या न्यायाधीशाने भर न्यायालयात तसे सांगितले, तरी खटला दुसऱ्याकडेच जायला हवा.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच की नव्या उपचाराच्या बातमीत खर्च कोणी केला, तुलना कशाशी केली आणि शंभर माणसांमागे फरक किती पडला, एवढे यावे. त्याला चार ओळी पुरतात. जागेची अडचण असल्यास हसतमुख रुग्णाचे छायाचित्र थोडे लहान करता येईल. बातमी कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकावरून घेतली असेल तर तसे लिहावे. आणि कृपया, या पत्राच्या आधारे कोणत्याही वाचकाने आपली चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, हे वाक्य संपादनात गाळू नये.

उल्लेख केलेल्या बातमीचे कात्रण आणि मूळ निबंधाचे शेवटचे पान सोबत जोडले आहे. बारीक अक्षरांतील सात ओळी मी पेन्सिलीने अधोरेखित केल्या आहेत.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक